पावसाळ्याआधी ब्रॉन्झ हाताळताना: आधी सिलिका जेल भाजा

वनस्पतींपासून केलेलं गंजरोधक लावून जुनं ब्रॉन्झ जपायचं ठरलं असेल, तर पहिलं काम सिलिका जेल, म्हणजे हवेतला ओलावा शोषणारे दाणे, भाजून कोरडं करून ठेवण्याचं. काढा उकळायच्या आधी, वस्तू कपाटातून काढायच्याही आधी. मागच्या खेपेला हेच राहिलं. वस्तू धुऊन तयार आणि जेल दमट, तोवर जूनच्या हवेने काम केलं. मूर्तीच्या कंबरपट्ट्याच्या खाचेत फिकट हिरवी पूड पुन्हा दिसली.

नायट्राइल हातमोजे, डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, आधीचे फोटो: हे सांगायला नको. चिंच, लिंबू आणि राख मात्र खोलीत आणूच नका. ‘नैसर्गिक आहे ना’ असं कुणीतरी म्हणतंच. चिंचेचं आम्ल पॅटिना, म्हणजे शतकानुशतकं जमलेला थर, खरवडून नेतं, आणि आपल्याला तोच वाचवायचा असतो.

धातू नेमका कोणता, हे तपासून घ्या. महाराष्ट्रातल्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या रथ, हत्ती, गेंडा, रेडा या प्राचीन मूर्तींच्या तांब्यात एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघालं. वरवर बघून ‘ब्रॉन्झ’ (तांबं आणि कथील) लिहून मोकळं होऊ नये.

मग क्लोराइड. मातीतून आलेल्या वस्तूत क्युप्रस क्लोराइड आत दबा धरून असतं. ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्याची हिरवी पूड होते, सोबत आम्ल सुटतं आणि ते आणखी धातू खातं. लाकडी काडीने हलकेच टोचा. पूड भुसभुशीत सुटली तर हा क्लोराइडचा रोग चालू आहे. वस्तू बुडवलेल्या पाण्यातलं थोडं वेगळं काढून त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून सिल्व्हर नायट्रेट घाला. पांढुरकं झालं तर क्लोराइड आहे. साध्या डिस्टिल्ड वॉटरचीही तीच चाचणी शेजारी करा, नाहीतर निकाल वाचता येत नाही. क्लोराइड असताना वरून रोधक लावणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

आता रोधक. १९६० च्या दशकापासून सगळे बेंझोट्रायझोल हे गंजरोधक रसायन वापरतात, बहुधा अल्कोहोलमध्ये तीन टक्के. ते चांगलं काम करतं, पण हाताळणाऱ्याला आणि जलचरांना घातक ठरू शकतं, म्हणूनच हे नवे पर्याय. सिस्टीन हे अमिनो आम्ल तांब्याला धरून बसतं. मात्र हवेत त्याचं ऑक्सिडेशन होतं, म्हणून द्रावण त्याच दिवशी करा. पॅटिनाचा रंगही बदलू शकतो. पानांच्या काढ्यातली टॅनिन आणि पॉलिफिनॉल पृष्ठभागावर थर धरतात, पण प्रत्येक बॅच वेगळी निघते, आणि साखर उरली तर पावसाळ्यात बुरशी. कोळंबीच्या टरफलांतून काढलेलं कायटोसान विरघळायला सौम्य आम्ल लागतं, त्यामुळे तिथे घाई नको. यातलं काहीही आधी तशाच मिश्रधातूच्या, मुद्दाम गंजवलेल्या पट्टीवर लावून पाहा. थेट पुरावस्तूवर नाही.

आणि इथे पुन्हा जेल, कारण हे बहुतेक रोधक पाण्यात असतात. लावून झालं की वस्तू ओलीच असते, आणि मुंबई-कोकणात बाहेर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. वस्तू सुकवायच्या बंद पेटीतली आर्द्रता आधीच ४० टक्क्यांच्या खाली आलेली हवी. म्हणजे आदल्या दिवशी जेल १०५ ते १२० अंशांवर काही तास भाजून, थंड करून, घट्ट झाकणाच्या डब्यात. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या. निळ्यात विषारी कोबाल्ट असतं. पेटीत आर्द्रतामापक ठेवून रात्रभर आकडा पाहा, मगच वस्तू भिजवा. आकडा उतरला नसेल तर काम पुढे ढकला. कुणी उद्घाटनाची तारीख दाखवली तरी.

पुढचं थोडक्यात. आधी अल्कोहोल, मग पेटीत सुकवणं. परत काढता येईल असा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर. वहीत पानांचं नाव, बॅच, तारीख. महिन्याने भिंगातून खाचा तपासा. जेलचा रंग दर आठवड्याला.