स्वादुपिंडाच्या गाठीतलं पाणी तपासताना

एंडोस्कोपीतून सुईने काढलेलं हे पाणी बऱ्याचदा एक-दोन मिलीच येतं, म्हणून मी सीईएचा (कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन, ट्यूमर मार्कर म्हणून मोजलं जाणारं प्रथिन) वाटा आधी बाजूला काढते. ग्लोव्ह्ज घालून एक थेंब दोन बोटांत ताणून बघा. तार सुटली तर म्यूसिन, म्हणजे चिकट श्लेष्म, असणार. असं चिकट पाणी पिपेटला धरून राहतं आणि आकडा चुकतो. सेंट्रिफ्यूज करा, किटच्याच डायल्युएंटने पातळ करा, शेवटी तितक्या पटीने गुणा. सीईए 192 नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर असेल तर गाठ म्यूसिनस, म्हणजे म्यूसिन बनवणारी, असण्याची शक्यता जास्त. ग्लुकोज डेसिलिटरला 50 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर त्याला दुजोरा. अमायलेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) 250 युनिट प्रति लिटरच्या आत असेल तर स्यूडोसिस्ट, म्हणजे स्वादुपिंडाला सूज आल्यावर होणारी पाण्याची गाठ, जवळपास बाद. सीईए कितीही चढलं तरी त्यावरून कॅन्सर ठरत नाही. घाबरलेल्या नातेवाइकांना मी हे आवर्जून सांगते, तुम्हीही सांगा.