पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या दस्तऐवजीकरणातील किरकोळ दुरुस्ती तपासताना
दुरुस्ती एका शब्दाची असली तरी केवळ बदललेली ओळ पाहून मंजुरी देऊ नये. मागचापुढचा परिच्छेद वाचावा आणि उदाहरणातील कोड बदलला असल्यास तो स्वतः चालवून पाहावा. मग ‘डॉक’ फोल्डरमध्ये ‘मेक एचटीएमएल’ ही आज्ञा देऊन तयार झालेले पान ब्राउझरमध्ये उघडावे, कारण फंक्शनच्या नावाभोवती दोनऐवजी एकेकच बॅकटिक (` हे चिन्ह) राहिले तर ते नाव कोडसारखे न दिसता तिरप्या अक्षरांत उमटते, आणि शीर्षक वाढवून त्याखालची रेघ तेवढीच ठेवली तर स्फिंक्स, म्हणजे ही पाने तयार करणारे साधन, रेघ अपुरी असल्याचा इशारा देते. नुसत्या बदललेल्या ओळी वाचताना या दोन्ही चुका हमखास नजरेतून सुटतात. स्वतःची शैलीविषयक आवड मात्र बाजूला ठेवावी. एका स्वल्पविरामासाठी नवख्याला तीनदा माघारी पाठवणे मला तरी पटत नाही.