फ्रीमेसन व्हायचंय? मग आधी खरेदी थांबवा

फ्रीमेसन म्हणजे एका जुन्या, जगभर पसरलेल्या बंधुसंघाचे सदस्य, आणि त्यांच्या स्थानिक शाखेला म्हणतात लॉज. पण रत्नागिरीत बसून मोबाइलवर ‘लॉज’ शोधलंत तर एसी, नॉन एसी खोल्या आणि सुरमई थाळी समोर येते. मीही तिथूनच सुरुवात केली होती. त्यानंतर बरीच वर्षं ओळखीतल्या नवख्यांना हेच सांगत आलोय, आणि तरी दरवेळी कुणीतरी पेटीभर सामान आधी घेऊन मग मला फोन करतो.

माहिती मिळवणं सोपं आहे, फक्त योग्य दारावर थाप मारा. ग्रँड लॉज म्हणजे अनेक लॉजची मध्यवर्ती संस्था. १९६१ साली स्थापन झालेल्या ग्रँड लॉज ऑफ इंडियाचं मुख्यालय दिल्लीला जनपथवर आहे. तिचे चार प्रादेशिक विभाग आहेत. आपल्याला लागतो तो पश्चिम विभाग, मुंबईत फोर्टला फ्रीमेसन्स हॉलमध्ये. कोकणकन्येने रात्री निघा, सकाळी सीएसएमटीला उतरा, तिथून चालत जाता येतं. पण आधी पत्र किंवा ईमेल पाठवा. भारतातल्या काही जुन्या लॉज अजून इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडच्या ग्रँड लॉजखाली चालतात, त्याही खऱ्याच. स्त्रियांनाही घेणारी को-मेसनरी हा वेगळा पंथ आहे, ॲनी बेझंटबाईंनी इथे वाढवलेला. ग्रँड लॉज त्याला मान्यता देत नाही.

‘इल्युमिनाटीत या, पैसा आणि सत्ता मिळवा, नोंदणी फी अमुक’ असा, जगावर छुपं राज्य करणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या संघटनेच्या नावाचा मेसेज आला तर ब्लॉक करा. खऱ्या लॉजमध्ये आधी अर्ज, मग भेटीगाठी, मग काळ्या-पांढऱ्या गोळ्यांनी गुप्त मतदान. सैतानपूजेचे व्हिडिओही बघू नका. त्यातल्या बऱ्याच कथांचं मूळ लिओ ताक्सील नावाच्या फ्रेंच माणसाच्या थापांत आहे, आणि १८९७ साली पॅरिसमध्ये त्याने स्वतःच भर सभेत ते कबूल केलं. गावात कुणी लॉजला ‘जादूघर’ म्हणालं तर चिडू नका, ते नाव फार जुनं आहे. घरच्यांना मात्र आधीच सांगा: देवावर विश्वास लागतो, शपथ आपापल्या धर्मग्रंथावर घेतात, आणि आत राजकारण व धर्म यांवर वाद घालायला बंदी असते.

आता सामान. माझी फजिती इथेच झाली.

पहिल्या डिग्रीला, म्हणजे दीक्षेच्या पहिल्या पायरीला, तुम्हाला लागतं एवढंच: गडद सूट, पांढरा शर्ट, टाय, काळे बूट. पांढरे हातमोजे कधी घालायचे ते लॉज सांगते. सभेत कमरेला ॲप्रन बांधतात, आणि पहिल्या दोन डिग्र्यांचे ॲप्रन लॉजकडेच असतात: पहिला कोरा पांढरा, दुसऱ्यावर दोन निळी फुलं. स्वतःचा ॲप्रन घ्यायची वेळ तिसऱ्या डिग्रीनंतर येते. अंगठी, टाय-पिन, गाडीचा स्टिकर यांतलं काहीही लागत नाही. दीक्षा झालेली नसताना अंगठी घालून हॉलमध्ये जाल, तर लोक तोंडावर हसणार नाहीत, मागून हसतील.

मी तिसऱ्या डिग्रीनंतर घाई केली. ऑनलाइन एक ॲप्रन दिसला, आकाशी कड, चंदेरी गोंडे, आणि फुलांच्या जागी उलट्या इंग्रजी ‘टी’सारखी रुपेरी चिन्हं. ती जास्त भारी दिसली म्हणून तोच मागवला. सभेच्या दिवशी दारात एका वयस्कर ब्रदरनी हळूच विचारलं, “लॉजचे मास्टर कधी झालात?” ती चिन्हं मास्टरपदावर, म्हणजे लॉजच्या प्रमुखपदावर, बसलेल्यांची किंवा बसून गेलेल्यांची. माझ्या हक्काचा ॲप्रन तीन फुलांचा होता. संध्याकाळ लॉजच्या उसन्या ॲप्रनवर काढली आणि पैसे बुडाले ते बुडालेच.

म्हणून माझं मत ठाम आहे: लॉजच्या सेक्रेटरीला विचारल्याशिवाय रुपयासुद्धा खर्च करू नका. अमेरिकी नमुन्याच्या ॲप्रनवर बऱ्याचदा कंपास-गुण्या आणि ‘जी’ हे फ्रीमेसनांचं चिन्ह छापलेलं असतं, ते इंग्लिश धर्तीच्या लॉजमध्ये चालत नाही. स्कॉटिश लॉज असेल तर रंगच वेगळा, कारण तिथे प्रत्येक लॉज आपला रंग स्वतः ठरवते. दुकानदाराला यातलं काही माहीत नसतं, त्याला विकायचं असतं. सेक्रेटरीकडे ठरलेला पुरवठादार असतो, आणि कधी एखाद्या ज्येष्ठाचा जुना, उत्तम ॲप्रनही मिळून जातो. जुना घ्यायला लाजू नका.

शेवटी कोकणातली खास अडचण. ॲप्रन कोकराच्या चामड्याचा, आणि त्याला आपल्या पावसात बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, सुती कापडात सपाट ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. श्रावणात ऊन पडलं की काढा, पण सावलीतच वारा द्या, नाहीतर चामडं पिवळं पडतं. आणि सुकी मासळी ठेवता त्या माळ्यावर ॲप्रनची पेटी ठेवू नका. मी ठेवली होती. दिवाळीनंतरच्या सभेत माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली.