पेटीचा उजवा हात, पियानोचा डावा हात

भुसावळच्या एका भजनी मंडळात वीस वर्षे पेटीची साथ केल्यानंतर, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी डिजिटल पियानो घेतला. पट्ट्या ओळखीच्या होत्या, सूर ओळखीचे होते. त्यामुळे प्रौढ नवशिक्यांसाठीच्या पुस्तकाची सुरुवातीची पाने आपल्याला वगळता येतील, असे मी धरून चाललो. खानदेशात पियानोकडे वळणारे बहुतेक जण पेटीवरूनच येतात आणि त्यांचाही हाच समज होऊ शकतो, म्हणून त्याविषयी आधी लिहितो.

पेटीत डावा हात भाता चालवतो, त्यामुळे वीस वर्षांच्या रियाजानंतरही माझ्या डाव्या हाताला पट्टीचा स्पर्श ठाऊक नव्हता. पेटीवर बोट कसेही दाबले तरी आवाजाचा जोर भात्यावर ठरतो आणि बोट उचलेपर्यंत सूर टिकतो. पियानोत मात्र हातोडी तारेवर आदळताच सूर विरू लागतो आणि तो किती मोठा येणार हे पट्टी किती वेगाने खाली गेली यावर ठरते. तिसरा फरक मला सर्वांत जड गेला. गायकाने काळी दोन सांगितली की आपण षड्ज तिथे नेतो. पुस्तकात मात्र पांढरी एक ही नेहमी ‘सी’च असते आणि मधल्या सप्तकातील तिची जागा पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या वरच्या पाच व खालच्या पाच रेषांच्या मधल्या छोट्या रेषेवर ठरलेली असते. धडा ‘सी’वरून ‘जी’वर गेला की माझ्या मनातला ‘सा’ही सरकायचा आणि वाचन कोलमडायचे. स्वरांऐवजी इंग्रजी अक्षरे मोठ्याने म्हणत वाजवायला लागल्यावर चार महिन्यांनी हे सुटले.

वाद्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर पहिले पुस्तक ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवरही होऊ शकते, परंतु हलक्या पट्ट्यांवर बोटांना जोर-हळुवारपणाचे वळण लागत नाही. शक्य असल्यास खऱ्या पियानोसारख्या जड दाबाच्या ८८ पट्ट्यांचेच वाद्य घ्यावे.

पुस्तकांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. काही दोन्ही अंगठे मधल्या ‘सी’वर ठेवून तिथून बाहेर पसरत जातात, काही सुरुवातीपासूनच वेगवेगळ्या पट्ट्यांवर पाच बोटांची जागा बांधून देतात, तर काही दोन स्वरांमधले अंतर ओळखून वाचायला शिकवतात. दुसऱ्या प्रकारात गती लवकर येते, पण विद्यार्थी स्वर न वाचता, कोणते बोट वापरायचे ते सांगणारे आकडे वाचू लागतो. माझेही तेच झाले. शेवटी मी आकडे पेन्सिलीने झाकले आणि वीस पाने मागे गेलो. त्या वीस पानांचा मला आजही पश्चात्ताप नाही.

जळगाव, धुळे, अमळनेर येथील आम्ही पाच प्रौढ विद्यार्थी दर रविवारी व्हॉट्सॲपवर एकेक ध्वनिमुद्रण पाठवतो. नियम साधे आहेत: जास्तीत जास्त तीन प्रयत्न करायचे, काटछाट करायची नाही आणि सोबत पानाचा क्रमांक व मेट्रोनोमचा, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्राचा, वेग लिहायचा. आमचे घर रेल्वेमार्गालगत असल्याने मालगाड्यांच्या मधली वेळ साधावी लागते, आणि मे महिन्यातल्या उन्हाळ्यात पंखा बंद करणे अशक्य असते. पेनड्राइव्हवर थेट ध्वनिमुद्रणाची सोय असलेला पियानो या दोन्ही अडचणींतून सोडवतो, हे खरेदीच्या वेळीच पाहून ठेवावे.

एक सोपी चाल आपल्याला आली, असे मला वाटत होते. मी ती पाठवली आणि अनेक वर्षे तबला वाजवलेल्या धुळ्याच्या सहकाऱ्यांनी लिहिले, “दादा, तिसऱ्या बारला (आवर्तनासारख्या मात्रांच्या गटाला) तुमची सम डगमगते.” दुसऱ्या दिवशी स्वतः ऐकले तेव्हा कारण सापडले. डाव्या हाताने ‘सी’ कॉर्डवरून (एकत्र वाजवायच्या स्वरांच्या गटावरून) ‘जी सेव्हन’ या दुसऱ्या कॉर्डवर जाताना करंगळी ‘सी’वरून ‘बी’वर उतरते, तर्जनी ‘एफ’वर येते आणि अंगठा ‘जी’वर तसाच राहतो, माझी करंगळी उशिरा पोहोचत होती आणि उजवा हात तिच्यासाठी थांबत होता. वाजवताना लक्ष उजव्या हातातल्या चालीकडे असल्यामुळे हे थांबणे कानाला कळत नव्हते. मग बारा दिवस, रोज दहा मिनिटे, मेट्रोनोम ५० वर ठेवून फक्त डाव्या हाताने तो एकच बदल केला. त्यानंतरच्या रविवारच्या ध्वनिमुद्रणात सम जागेवर आली, तेव्हा झालेला आनंद मी विसरलेलो नाही.

पान कधी उलटावे, हा प्रश्न प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो. दोन वेगवेगळ्या दिवशी, एकाच वेगात, मध्ये न थांबता केलेली दोन ध्वनिमुद्रणे जमली की पुढे जावे, असे माझे मत आहे. एखादा स्वर चुकला तरी चालेल, लय तुटता कामा नये. निर्दोषपणासाठी महिनोन्‌महिने एकाच पानावर थांबलेले लोक पुस्तक सोडून देतात, हे मी आमच्याच गटात पाहिले आहे. या पद्धतीने माझे पहिले पुस्तक चौदा महिन्यांत संपले.

परीक्षा देण्याची इच्छा असलेल्यांना ही सवय आणखी एका कारणाने उपयोगी पडते. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या परफॉर्मन्स ग्रेड परीक्षेत चार रचना सलग वाजवून त्याचे एकच चित्रीकरण पाठवायचे असते, त्यामुळे परीक्षेसाठी मुंबई गाठावी लागत नाही. सध्या मी पहिल्या ग्रेडची तयारी करत आहे, आणि रविवारी एका तुकड्याऐवजी चारही रचना सलग पाठवतो. तिसऱ्या रचनेपर्यंत डावा हात थकतो, म्हणून या महिन्यात सरावाची सुरुवात तिथूनच करतो आहे.