खाऱ्या वाऱ्यात क्रोम की ॲल्युमिनियम? माझा अनुभव

घर मालवणात, मोटरसायकल पडवीत, म्हणजे खारा वारा बारमाही. पुढच्या मडगार्डच्या क्रोमवर, म्हणजे लोखंडावरच्या चकचकीत मुलाम्यावर, आधी बारीक तपकिरी ठिपके आले, पावसाळ्यानंतर पापुद्रेच सुटू लागले. वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) पातळ असतो. लोखंडाला खरं राखतं ते त्याखालचं निकेल. त्यात सूक्ष्म छिद्र पडलं की मीठ आणि ओल थेट लोखंडापर्यंत पोचते. मग वरून कितीही घासा, गंज आतून वाढतच राहतो. पुन्हा क्रोम करायचं तर जुना थर पूर्ण उतरवावा लागतो, ते घरी होत नाही.

इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या झाकणांवरही पांढरी पूड धरली होती, पण ती घरीच उजळली. झाकण उतरवून ४०० नंबरचा पाणकागद (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर), मग ८००, १२००, २०००. प्रत्येक कागद आधीच्या ओरखड्यांना आडवा चालवायचा आणि ते पुरते गेल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. इथे घाई केलीत तर ओरखडे पॉलिशनंतर उठून दिसतात. शेवटी मेटल पॉलिश आणि सुती फडकं. धुण्याचा सोडा मात्र लावू नका, ॲल्युमिनियम काळं पडतं.

म्हणून नवं मडगार्ड पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमचंच घेतलं. सायलेन्सर क्रोमचा ठेवला. मडगार्डला स्टेनलेसचे बोल्ट लावताना आट्यांना अँटीसीझ (आटे धरू न देणारा लेप) लावलं, नाहीतर खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम तिथूनच खाल्लं जातं. आता दर रविवारी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुणं, कोरडं पुसणं, वर मेणाचा हात.