जून लागायच्या आत पशुखाद्य प्लांटवर ओलीची काय काय तयारी करायची

मे महिन्यातच हे उरकून घ्या, कारण एकदा हवा दमट झाली की कोरडा घेतलेला मालही ओल ओढतो आणि मग गेटवर केलेल्या टेस्टिंगला काही अर्थ राहत नाही. पहिलं काम म्हणजे मॉइश्चर मीटर तपासणं. मीटर मका, डीओआरबी (तेल काढलेला तांदळाचा कोंडा), सोया डीओसी (तेल काढलेली सोया पेंड) सगळ्यांना एकाच सेटिंगवर लावला तर तो वाट्टेल ते सांगतो, म्हणून प्रत्येक मालाचं 10 ग्रॅम सॅम्पल 105 डिग्रीला ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवायचं, 8.8 ग्रॅम राहिलं तर ओल 12 टक्के, आणि मीटर किती चुकतोय ते मीटरवरच चिकटपट्टीला लिहून ठेवायचं. ओव्हन नसेल तर काचेच्या बरणीत मका आणि कोरडं मीठ घालून हलवा, मीठ काचेला चिकटलं की समजा मका साधारण 15 च्या वर आहे, गाडी उतरवू नका.

मका 14 च्या वर घ्यायचा नाही आणि साठवायचा असेल तर 12 च्या आसपासच हवा. व्यापारी म्हणतो 14 च्या जागी 16 असला तर दोन टक्क्यांनी काय होतं, त्याला हिशोब दाखवा: 16 टक्क्यांचा 10 टन मका 12 वर आणला की साधारण 455 किलो नुसतं पाणी उडतं, म्हणजे तेवढ्या पाण्याचे पैसे आपण मक्याच्या भावाने दिलेले असतात. सॅम्पल वरच्या चार गोण्यांतून नको, गाडीच्या मधल्या आणि खालच्या थरातून नळी घालून काढा, भिजलेला माल तिथेच दडलेला असतो.

गोदामात पत्र्याची भोकं बुजवा, लाकडी पॅलेट टाका, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून थप्पी लावा. पत्र्याखालून पहाटे ठिबकणारं पाणी बऱ्याच जणांना गळती वाटतं, पण ती आतलीच वाफ असते, गार पत्र्याला लागून तिचं पाणी होतं आणि सगळ्यात वरच्या पोत्यांवर हिरवी बुरशी धरते. छपरावरचे टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्यावर फिरून आतली हवा बाहेर काढणारे पंखे) फिरतात का, एवढं तरी बघाच.

आता खरी गोची. माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी कच्च्या मालाच्या नसतातच, कूलरच्या, म्हणजे गरम कांडी (पेलेट) गार करणाऱ्या यंत्राच्या असतात. कंडिशनरमध्ये (कांडी पाडण्याआधी वाफ देतात ते यंत्र) वाफेने मॅश, म्हणजे दळलेलं मिश्रण, 15-16 टक्के ओलीपर्यंत जाते, ते चालतं, गरजेचंच आहे. पण स्टीम ट्रॅप (वाफेच्या लाइनमधलं पाणी काढून टाकणारी झडप) खराब असला की वाफेबरोबर पाणी येतं आणि डाय (कांडी पाडायचा भोकांचा साचा) चोक होते, म्हणून ट्रॅप आधी उघडून साफ करा. डायमधून कांडी 80 डिग्रीच्या आसपास बाहेर येते, ती बाहेरच्या हवेपेक्षा फार तर 5-8 डिग्री गरम असेपर्यंत थंड व्हायला हवी. ऑर्डरची घाई असली की ऑपरेटर कूलर लवकर रिकामा करतो, गरम माल पोत्यात शिवला जातो, आणि सकाळी पोतं उघडलं तर आतल्या प्लास्टिकला घाम आणि कोपऱ्यात कांड्यांचा गठ्ठा. कूलरचा फॅन, डक्टमधला भुसा, चाळणी सगळं आत्ताच साफ करून घ्या आणि शिलाई मशीनजवळ थर्मामीटर टांगा, तोही दिसेल असा.

तयार मालात बीआयएसप्रमाणे (भारतीय मानक ब्युरो) ओल 11 टक्क्यांच्या आत आणि अफलाटॉक्सिन बी1 हे बुरशीचं विष 20 पीपीबीच्या (अब्जात 20 भाग) आत हवं, कारण हेच विष गाईच्या दुधात अफलाटॉक्सिन एम1 होऊन उतरतं आणि डेअरीवाला तिथे पकडतो. टॉक्सिन बाइंडर (खाद्यातलं विष बांधून ठेवणारी पावडर) विकणारे या दिवसांत फार फिरतात. घ्या, पण बाइंडर ओल कमी करत नाही, बुरशी थांबवायला कॅल्शियम प्रोपिओनेटसारखं वेगळं काहीतरी लागतं, आणि तेही ओल्या मालाला तारत नाही.

मळीची टाकी झाकलेली असावी. प्रत्येक बॅचचं अर्धा किलो सॅम्पल तारीख टाकून हवाबंद डब्यात ठेवा, ऑगस्टमध्ये डीलरचा फोन आला की माल आपल्याकडून ओला गेला की त्याच्या दुकानात भिजला हे तिथेच कळतं.