जुना अंक वाचताना रेघ कुठे मारावी

डिसेंबर लागला की वाड्यावरची पोरं वही घेऊन हजर. "आजी, गोवा मुक्तिदिनावर प्रकल्प आहे." बत्तीस वर्षं पणजीत प्रुफं तपासली, म्हणून हे काम माझ्या गळ्यात.

पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा आणि १९५० ते ६१ चे वर्तमानपत्रांचे अंक मागा. मथळ्याकडे नंतर बघायचं. आधी गोव्याला काय म्हटलंय ते शोधा. 'वसाहत' की 'प्रांत'? १९५१ मध्ये पोर्तुगालने घटना बदलली आणि वसाहतींचे 'समुद्रापलीकडचे प्रांत' झाले. कारण साधं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं ७३ वं कलम सांगतं की स्वराज्य नसलेल्या प्रदेशांची माहिती राज्यकर्त्या देशाने द्यावी. १९५५ मध्ये पोर्तुगाल सदस्य झाला. त्याचं म्हणणं, आमच्याकडे असे प्रदेशच नाहीत, प्रांत आहेत! गोठ्याला पडवी म्हटलं म्हणून शेण काढायचं चुकत नाही, पण कागदावर चुकवता येतं.

संयुक्त राष्ट्रांचा १५ डिसेंबर १९६० चा १५४२ क्रमांकाचा ठराव काढा. स्वराज्य नसलेल्या प्रदेशांच्या त्यातल्या यादीत गोव्यापुढे लिहिलंय, 'ज्याला भारत राज्य म्हणतात'. त्या 'म्हणतात'खाली रेघ मारा. पोर्तुगालचं नाव घेतलं, पण पत्करलं नाही.

मग एकच बातमी दोन बाजूंनी लिहून बघा. दादरा-नगर हवेली या आपल्या ताब्यातल्या मुलखात भारतातून जायचा हक्क पोर्तुगालने मागितला होता, त्यावरचा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल, १२ एप्रिल १९६०. माणसं आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता. फौज आणि शस्त्रं नेण्याचा नव्हता. भारताने बंधन मोडलेलं नाही. यातलं पहिलं वाक्य लिस्बनच्या मथळ्याचं, उरलेली दोन दिल्लीच्या. खोटं एकही नाही. हा सराव पोरांना फार आवडतो, भांडणंही होतात.

न छापलेलं शोधणं अवघड. सेन्सॉरने काढलेली ओळ दिसणार कशी? त्यासाठी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, रेडिओवर काय ऐकत होता? आमचे बाबा पांघरुणात डोकं घालून, आवाज अगदी बारीक करून, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सीमेपलीकडच्या जंगलातून चालवत ते गुप्त केंद्र ऐकायचे. सकाळी पेपर आला की आधी मागचं पान उघडायचे.

आपल्याकडचे मथळेही सोडू नका. गोवा घेणाऱ्या भारतीय लष्करी कारवाईच्या 'ऑपरेशन विजय' या नावातच निकाल आहे. तिकडे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने लष्कराला कळवलं होतं, विजयी नाहीतर मेलेले सैनिकच हवेत. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी १९ डिसेंबर १९६१ ला शरणागती पत्करली. पोर्तुगालने गोव्यावरचा भारताचा हक्क करार करून मान्य केला तो ३१ डिसेंबर १९७४ ला. तेरा वर्षं तिथल्या कागदावर गोवा प्रांतच.

आणि रेघ झेरॉक्सवर मारा बरं का. मूळ अंकाचा कागद आता बोट लागलं तरी तुटतो.